आराखडा, तिसरा खर्डा

पहिल्या खर्ड्यावर हत्तुरे सरांनी
एकच शब्द लिहिला : अबब.
‘अमेरिकेतील गुलामगिरी’ म्हणजे
हा विषय आहे, नागमणी, की गड्ड्याची जत्रा?
चार महिने, साठ पानं,
आणि तुझ्याकडे काच तडकलेला एक मोबाइल.
काप.

मी कापलं.
कापायची सवय आहेच आमच्या घराला.
आई पत्र्याचं माप ठेवते पानावर,
कात्री फिरवते, कडेचं खाली पडतं,
उरतं तेवढंच वळायचं.
तसं मी अठराशे पासष्टच्या आधीचं सगळं काढलं.
युद्ध काढलं. राष्ट्राध्यक्ष काढले, एकूणएक.
उरलं एक राज्य,
ज्याच्या स्पेलिंगमध्ये एस किती
हे मी अजून बोटांवर मोजते,
आणि बारा वर्षं.

सर म्हणाले, हा झाला कालखंड. प्रश्न कुठाय?
प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर येत नाही
आणि येत नाही म्हणून झोप लागत नाही.
झोप मला तशीही नसते.
विडी घरकुलात पाणी येतं चार दिवसांआड,
रात्री दोनला,
आणि हंडे माझ्याकडे.

नळाला हवा येईपर्यंत मी बघत बसले
करारांचे फोटो. तिरकं, लांब शेपटीचं अक्षर.
जमीन मालकाची, बी मालकाचं, खेचर मालकाचं,
गोदाम मालकाचं, वही मालकाची.
खाली कुणी एक आयझॅक,
त्याच्या नावाच्या पोटात एक फुली
आणि फुलीच्या दोन्ही बाजूंनी
दुसऱ्याच कुणाच्या हाताने लिहिलेलं : त्याची खूण.
तो सुटून दोन वर्षं झाली होती.

एम् चदुवुतुन्नावे, आईने विचारलं,
पदरात सूप, सुपात उद्याची हजार.
काय वाचतेस म्हणजे काय सांगू?
तेलुगूत मिसिसिपी मिसिसिपीच.
म्हटलं, कापूस वेचणारी माणसं आहेत.
सुटलेली. पण तोलायला त्याच मालकाकडे जायची.

ती थोडा वेळ वळत राहिली.
मग म्हणाली, सकाळी तोलायचे का संध्याकाळी?

का गं?

का म्हणजे? सकाळी दव असतं.
कारखान्यात आम्हाला पान देतात ते शिंपडून देतात.
पाण्याचं वजन आमच्या नावावर.
घरी येऊन पान वाळलं की हजाराला शंभर कमी पडतात,
ते आपल्या पैशाने आणायचं.
आणि आपण भरून दिली की विड्या कशा हव्यात?
खडखडीत.
तर त्यांच्यात दव कोणाचं धरत होते?

मी मोबाइल खाली ठेवला.
इतकी पीडीएफ उतरवली,
एकातही दव आलं नव्हतं.
किंवा आलं असेल, मी ते हवामान समजून
पुढे सरकवलं असेल.

तेवढ्यात नळ खोकला.

तिसरा खर्डा सोमवारी दिला.
व्याप्ती : एक राज्य, बारा वर्षं.
साधने : करारपत्रं, हिशेबवह्या, तक्रारअर्ज.
गृहीतक दोनदा खोडलंय, कागद तिथे पातळ झालाय.
प्रश्न : तराजू कोणाच्या हातात, हे ठाऊक आहे;
तोलायची वेळ कोण ठरवत होतं?

सरांनी चष्मा वर केला.
हे बरं आहे, म्हणाले. कुठे सापडलं?
तळटीप दे.

सात रस्त्यापर्यंत चालत आले विचार करत.
आडनाव आधी, मग नाव, मग प्रकाशक, मग साल.
अंकम, राजेश्वरी.
पुढचं काय लिहायचं?
तिने छापलेलं काही नाही.
कार्डावर सही आहे तिथे तिचा अंगठा आहे,
तोही पानं कापून कापून इतका गुळगुळीत
की मागच्या महिन्यात रेशनच्या मशिनने
तिला तीनदा परत पाठवलं.

मुदत शुक्रवारपर्यंत आहे.
तळटीप क्रमांक एक टाकलाय.
समोर अजून काही नाही.